चौदा पौंडांची अट

कोल्हापूर, १४ डिसेंबर १९५२

ति. सौ. ताईस,
धाकट्या नृसिंहाचा सा. न. वि. वि.

तुझे कार्ड पोचले. इकडे सगळे खुशाल. आईचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो आणि अप्पा पोरांचे पेपर तपासता तपासता आमच्या बोलण्यातल्याही चुका काढतात. म्हणजे घर जागच्या जागी आहे.

आता पत्र लिहिण्याचे खरे कारण. मेमध्ये तुमच्या मुंबईत राज्याचा वॉटर पोलोचा संघ निवडणार आहेत. कोल्हापूरचे सातजण तिथे सामने खेळायला जाणार, आणि ते सात कोण हे आमचे वस्ताद हंबीरराव ठरवणार. काल कोटितीर्थ तळ्याच्या पायरीवर उभे राहून त्यांनी सगळ्यांदेखत मला सांगितले, की चैत्रातल्या जोतिबाच्या यात्रेपर्यंत चौदा पौंड वजन वाढवून दाखव, नाहीतर घरी बस. एक पौंड कमी पडला तरी नाव नाही. बाकी कुणाला अट नाही, फक्त मला.

तसे त्यांचे चूक नाही. या खेळात तळाला पाय टेकायचा नसतो, चेंडू एकाच हाताने धरायचा असतो, आणि तो हातात आला की समोरचे दोघे खांद्यावर बसून बुडवतात. परवा सोलापूरकरांनी मला इतक्या वेळा बुडवले की शेवटी मी कोणत्या बाजूने खेळतो तेच विसरलो. स्टेशनावरच्या काट्यावर माझे वजन १२६ पौंड आहे, तेही ओल्या केसांसह.

अप्पांनी चंदगडच्या कचेरीत माझ्या कारकुनीची खटपट केली आहे. जूनमध्ये रुजू व्हायचे. राज्याच्या संघात नाव आले तर वर्षभर थांबू, एवढे त्यांनी कबूल केले आहे. चंदगडात पाणी पुष्कळ, पण ते सगळे वरून पडते. ताई, मला जायचे नाही गं. तू इस्पितळाच्या आहार विभागात एवढ्या रोग्यांना सुधारतेस, एका भावाला सुधार.

उलट टपाली उत्तर पाठव, तोवर भुकेला,
नृसिंह

मुंबई, २० डिसेंबर १९५२

चि. नृसिंहास अनेक आशीर्वाद.

पानावर दुसरी पोळी पडली की पळून जाणारा मुलगा जेवायचे कसे हे विचारतो आहे, हे वाचून मी पत्र ह्यांनाही दाखवले. खूप हसलो. आता नीट ऐक.

वजन आणि बळ यांतला फरक काट्याला कळत नाही. चौदा पौंड चरबीचेही होतात आणि स्नायूंचेही. चरबी पाण्यापेक्षा हलकी, ती तरंगते. थोडी हवीच, गार पाण्यात ऊबही देते. पण ती पोहत नाही, तिला वाहून न्यावे लागते. तुला हवे आहेत खांदे आणि मांड्या. म्हणून सोबत तक्ता पाठवते आहे. सकाळी मोडाची मटकी आणि दूध. जेवणात भाकरी, घट्ट आमटी, उसळ, ताक आणि तूप एकच चमचा. चारला मूठभर शेंगदाणे आणि गूळ. पोहून आल्यावर अर्ध्या तासाच्या आत दही-भात. याच्या वर काही नाही आणि याच्या खाली काही नाही.

दर रविवारी चार आकडे कळव: वजन, बेंबीजवळची कंबर, दंड, आणि कोटितीर्थ जाऊन-येऊन पोहायला लागलेला वेळ. आमच्या विभागाच्या मोठ्या बाईंना मी हे सांगितले आहे. त्यांनाही तुझे आकडे बघायचे आहेत, तेव्हा माझी अब्रू तुझ्या पोटात आहे.

आईला माझा नमस्कार सांग आणि तक्ता दाखव. माया कर, पण मोजून जेव.
तुझी ताई

कोल्हापूर, ९ जानेवारी १९५३

चि. सौ. नंदिनीस आईचे पोटभर आशीर्वाद.

बाई गं, तो तुझा तक्ता अप्पांनी स्वयंपाकघराच्या दारावर खिळा मारून लावला आहे आणि जेवताना चष्मा लावून वर बघतात. एक चमचा तूप! तू दिवसभर रोग्यांत असतेस म्हणून तुझा हात असा आखडला असेल. एवढा मोठा मुलगा चार तास पाण्यात झोंबतो, घरी येतो तेव्हा ओठ निळे असतात, आणि मी त्याला एक चमचा तूप वाढू?

कुणाला बोलणार नसशील तर सांगते. तूप मी भाताच्या खाली घालते. वरून तुझा चमचा दिसतो, आत माझे असते. शिवाय डिंकाचे लाडू केले आहेत, ते हळदीच्या डब्यामागे ठेवले आहेत. अप्पा शाळेत गेले की दोन देते. त्याच्याकडून देवाची शपथ घेतली आहे, तूही घेतली असे समज. अप्पांना कळले तर तांबडी शाई घेऊन स्वयंपाकघरात येतील.

परवा त्याला अंगरखा दंडात घट्ट झाला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले. पोरगा बाळसे धरतो आहे. तुझ्या तक्त्याला गुण आला असे आपण सगळ्यांना सांगू.

जावयांची प्रकृती कशी आहे? तुझ्या हातचे जेवतात म्हणजे काळजीच आहे.
तुझी आई

कोल्हापूर, १२ जानेवारी १९५३

चि. सौ. नंदिनीस अनेक उत्तम आशीर्वाद विशेष.

नृसिंहाचे आकडे पुढीलप्रमाणे: वजन १३३, कंबर साडेएकोणतीस, दंड अर्ध्या इंचाने वाढला. तक्त्याची अंमलबजावणी मी जातीने पाहतो. तुझ्या आईच्या हाताला वाढताना वळण नाही, म्हणून लक्ष ठेवावे लागते.

आता एक गोष्ट तुझ्यापुरती. रोज पहाटे फिरायला म्हणून मी नृसिंहाला गंगावेशीत घेऊन जातो. तिथे म्हशी उभ्या असतात आणि गवळी समोर धार काढून देतो. शेरभर धारोष्ण दूध तो उभ्या उभ्या पितो. तुझ्या तक्त्यात पाऊण शेर आहे, पण ते मापाचे दूध घरचे, आणि हे गंगावेशीचे, तेव्हा ते वेगळे धरावे असा मी अर्थ लावला आहे. तुझ्या आईला कळवू नकोस. ती म्हणेल, मला चमचे मोजायला लावता आणि स्वतः शेराने पाजता. तिचे म्हणणे बरोबर असल्यामुळे मला उत्तर देता येणार नाही.

हंबीररावांची अट कडक आहे. असो. अट घालणाऱ्याचीही काही बाजू असते.

चंदगडहून अद्याप हुकूम आलेला नाही. पत्र पाठवण्यात शाळेतल्या मुलींसारखी टंगळमंगळ करू नये.
तुझे अप्पा

कोल्हापूर, २५ जानेवारी १९५३

नंदूबाईस हंबीरराव वस्तादाचा रामराम.

मी चौथी पास, तवा शुद्धलेखनाकडं बघू नगंस, मजकुराकडं बघ. तुजा तक्ता पोरानं मला दावला. चांगला हाय. पण लेकी, शेंगदाण्यावर तालीम हुती व्हय? आमच्यात ज्याला अंग कमवायचं त्याला खुराक लागतो. कुस्ती काय आन् ह्यो पाण्यातला चेंडू काय, समोरच्याला रेटायचं म्हंजे वजन पायजे की.

म्हून म्या आपली सोय केलीया. सांजच्याला बाकीची पोरं गेली की नरसूला घरी नेतो. बदाम-खसखशीची थंडाई मी सवता घोटतो, आन् आमची चिमणाबाई भाकरीवर लोण्याचा गोळा देती. मास्तरांच्या घरचा पोरगा हाय, त्याच्या धर्माला बाट लागू देत न्हाई, रश्श्याचं भांडंसुदिक लांब ठेवतो. मास्तरांस्नी ह्यातलं काय कळता कामा न्हाई. का, ते इचारू नगंस. ती अट सांगताना माजीच जीभ अडखळली हुती, पण त्येचं कारण सांगायची मला मुभा न्हाई.

पोरगं पाण्यात उतरलं की माशावानी सुळकन जातं. आसं पोरगं धा वर्सांत एखादं गावतं. त्येला मागं ठेवायचं माज्या जिवावर येतं, म्हून खपतोय.

चिमणाबाईचा आशीर्वाद. आमच्याकडं ये एकदा, तुलाबी जरा अंगावर धरायला लावतो.
हंबीरराव

कोल्हापूर, १५ फेब्रुवारी १९५३

ति. सौ. ताईस,
नृसिंहाचा सा. न., आणि नमस्कार करताना वाकायला त्रास होतो, हेही वि. वि.

वजन १४७! अट पुरी होऊन वर सात पौंड शिल्लक. कंबर साडेबत्तीस. दंड तेवढाच आहे. आता मला बुडवायला तिघे लागतात आणि तिघांनी बुडवले तरी मी बुचासारखा वर येतो. गोल राखणारा जोतीराम म्हणतो की दमला की तो मला धरून विसावा घेईल.

पण ताई, एक वाईट आहे. डिसेंबरात कोटितीर्थ जाऊन-येऊन मला ऐंशी सेकंद लागत. काल चौऱ्याण्णव लागले. चेंडू टाकला की मी निघतो, आणि पोचतो तोवर तो दुसऱ्या टोकाला गेलेला असतो. वस्ताद काठावरून ओरडायचे थांबले आहेत. ते ओरडत असले की बरे असते. वजन झाले तरी मला नेतील का, हा विचार आता डोक्यातून जात नाही. आणि वजनाला नेले आणि मुंबईत मी हत्तीसारखा डुंबत राहिलो, तर अप्पा कोणत्या तोंडाने नाही म्हणतील चंदगडला?

तक्त्यातला एकही पदार्थ मी चुकवलेला नाही, हे शपथेवर सांगतो. त्यापलीकडचे मला विचारू नकोस, कारण तिथेही शपथाच आहेत.

काहीतरी कर.
तुझा गोलमटोल भाऊ

मुंबई, १९ फेब्रुवारी १९५३

चि. नृसिंहास आशीर्वाद.

तुझ्या शपथा तुझ्यापाशी ठेव. माझ्याकडेही तीन आहेत. पत्रपेटी उघडताना आता मला भीती वाटते.

इकडे काय झाले आहे ते ऐक. तुझे आकडे मी दर आठवड्याला मोठ्या बाईंना दाखवत होते. काल त्या म्हणाल्या, नऊ आठवड्यांत एकवीस पौंड, तेही शेंगदाणे आणि मटकीवर, हा तक्ता आपण छापून अशक्त रोग्यांना देऊ, खाली तुझे नाव घालू. मला घाम फुटला. वजन कुठून आले ते मला ठाऊक आहे आणि सांगायची चोरी! शेवटी नावे न घेता सांगितले की मुलगा तक्त्याबाहेर बरेच खातो, छापू नका. बाई रागावतील असे वाटले होते. त्या हसल्या आणि म्हणाल्या, की तू जेवणारा धरलास आणि वाढणारे धरायला विसरलीस.

आता वाढणारे धरते. तू फक्त एक कर: एक मार्चच्या रविवारी सकाळी पाण्यातून बाहेर येऊ नकोस.

तुझी, तुझ्यावर रागावलेली आणि तरी तुझीच,
ताई

मुंबई, २१ फेब्रुवारी १९५३
(एकाच मजकुराची तीन बंद पाकिटे: आईस, अप्पांस शाळेच्या पत्त्यावर आणि हंबीरराव वस्तादांस)

सा. न. वि. वि.

नृसिंहाला आपण तक्त्याबाहेर जे काही देता, ते त्याच भांड्यात, तेवढेच, येत्या १ मार्चला सकाळी साडेसातला कोटितीर्थाच्या पायरीवर घेऊन यावे. मोठ्या बाईंना त्याचा हिशेब हवा आहे. यातले कुणालाही सांगू नये, आपले गुपित आपल्याकडेच राहील.

आपल्या प्रेमाची अपेक्षा आहेच, फक्त ते उघड्यावर असावे.
नंदिनी

कोल्हापूर, १ मार्च १९५३

ति. सौ. ताईस सा. न.,

ताई, तू इथे असायला हवी होतीस!

साडेसातला मी गोलाच्या बांबूला धरून होतो. पहिल्यांदा आई आली, पदराखाली डबा घेऊन, आणि कुणी बघत नाही ना म्हणून चारी दिशांना बघत. मग पलीकडच्या पायऱ्यांवर अप्पा दिसले. उन्हाचा पत्ता नाही आणि छत्री उघडलेली, छत्रीआड पितळी तांब्या. दोघांनी एकमेकांना पाहिले आणि दोघेही एकदम पाण्याकडे बघायला लागले, जणू पहिल्यांदाच पाणी बघताहेत. तेवढ्यात वरून वस्ताद आले, खांद्यावर थंडाईची कळशी, मागे चिमणाबाई, तिच्या हातात लोण्याचा वाडगा. चौघे समोरासमोर आले. आम्ही सगळी पोरे पाण्यातून बघत होतो.

आईने अप्पांना विचारले, की तांब्यात काय आहे. अप्पा म्हणाले, की आधी डब्यात काय ते सांग. मग वस्तादांनी सगळ्या भांड्यांकडे एकदा पाहिले, माझ्या पोटाकडे पाहिले, आणि असे हसले की देवळावरची कबुतरे उडाली. म्हणाले, पोराचं काय चुकलं न्हाई मास्तर, आपुन तिघं मिळून त्याच्या खांद्यावर बसलोय, सोलापूरकर परवडले. चिमणाबाई तर खालीच बसली. आई आधी रडली, मग हसली, मग अप्पांना तूप मोजल्याबद्दल चार गोष्टी ऐकवल्या.

मी गप्प का राहिलो विचारशील. खाऊ घालणाऱ्याचे तोंड इतके आनंदी असते की पोट भरले म्हणवत नाही. पहाटे अप्पा शाळेतले काही न विचारता माझ्या शेजारी उभे राहत, ते मला सोडवेना. पण माझ्या या भिडेपायी तुझी मान खाली गेली असती. माझे चुकले.

मग आणलेले फुकट कसे घालवायचे म्हणून वस्तादांनी सगळ्यांना बाहेर काढून बसवले. जोतीराम पहाटे गडमुडशिंगीहून सायकल मारत येतो, भाकरी बांधून आणतो आणि ती दुपारी खातो. इतके दिवस तो उपाशी पोहत होता हे आमच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हते. त्याने चार लाडू खाल्ले आणि पाचवा धाकट्या बहिणीसाठी मागितला. आईने डबाच दिला. आता ठरले आहे, की सगळा खुराक सर्वांत वाटायचा, तुझ्या तक्त्याने, आणि मला तक्त्याबाहेर एक शेंगदाणासुद्धा नाही.

आजपासून हलका होणारा,
नृसिंह

कोल्हापूर, ६ एप्रिल १९५३

नंदूबाईस हंबीररावाचा रामराम.

जोतिबाची यात्रा झाली, काल सात नावं सांगितली. नरसूचं वजन एकशेएक्केचाळीस, कंबर तीस, दंड इंचभर वाढला. जाऊन-येऊन सत्तर सेकंद! म्या घड्याळ कानाला लावून बघितलं, चालू हुतं. नाव घेतलं तवा पोरगं पाण्यात बुडी मारून लई येळ खालीच ऱ्हायलं.

तुजा तक्ता आता तालमीच्या भित्तीवर लावलाय. जुनी मंडळी कुरकुरत्यात. कुरकुरू द्यात. म्या आयुष्यभर काट्यावर माणसं मोजली, आता टेपबी घेतली.

मुंबईला येतोय सातजण आन् मी आठवा. तुज्या दारात ऊस टाकू, ग्वाड मानून घे.
हंबीरराव

मुंबई, १८ मे १९५३

ति. आई-अप्पांच्या चरणी बालके नंदिनीचा सा. न. वि. वि.

घसा बसला आहे, पण बरे की पत्र हाताने लिहायचे असते.

काल शेवटचा सामना मुंबईकरांशी झाला. आपण एका गोलाने हरलो, हे आधीच सांगते. पण शेवटच्या मिनिटाला चेंडू नृसिंहाकडे आला आणि दोन आडदांड गडी त्याच्या खांद्यावर चढले. तो खाली गेला. चेंडू धरलेला हात तेवढा वर होता. मी ह्यांचा दंड इतका आवळला की वळ उठला आहे. आई, तो हात खाली गेला नाही. दोघांना घेऊन तो कमरेपर्यंत वर आला आणि चेंडू पुढे टाकला. गोल झाला नाही, पण काठावरचे सगळे उभे राहिले. मोठ्या बाई तर बाकावर.

सामन्यानंतर बाईंनी त्याला बोलावून पोटाजवळची कातडी चिमटीत धरून बघितली. चिमटीत फारसे काही आले नाही. माझ्याकडे वळून म्हणाल्या, की आता छापू.

संघ संध्याकाळी वाचून दाखवला. अकरा नावे. गोलरक्षक म्हणून जोतीरामाचे तिसरे. मग चौथे, पाचवे, अशी नावे जात राहिली. वस्ताद टोपी काढून हातात पिळत होते. अकरावे नाव नृसिंहाचे होते. राखीव का होईना, तो राज्याचा खेळाडू आहे. जोतीरामाने त्याला उचलले आणि दोघेही कपड्यांसकट हौदात पडले.

अप्पा, चंदगडचे आता तुम्ही बघा. तुमच्या लेकीची एवढीच मागणी आहे आणि ती पुरी होईलच, या भरवशावर,
नंदिनी

कोल्हापूर, २५ मे १९५३

चि. सौ. नंदिनीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र शेजारी वाचून दाखवून तुझ्या आईने त्याची घडी झिजवली आहे. चंदगडचा हुकूम शुक्रवारी आला. दुसऱ्या उमेदवारास संधी द्यावी, असे उत्तर मी त्याच दिवशी टाकले.

आता जे लिहितो ते तुला माहीत असावे. चौदा पौंडांची अट हंबीररावांची नव्हती. ती माझी होती.

डिसेंबरात सोलापूरकरांचा सामना बघायला मी गेलो होतो. नृसिंहाला ठाऊक नव्हते. दोघे त्याला खाली दाबत होते आणि मी मनात अंक मोजत होतो. मला पोहता येत नाही. तो वर आला नसता तर मी काठावर उभा राहून काय केले असते? त्या संध्याकाळी मी हंबीररावांच्या घरी गेलो आणि हात जोडले. म्हणालो, मुलाला पुरी होणार नाही अशी अट घाला. तो काही चौदा पौंड वाढायचा नाही, म्हणजे त्याला नाही म्हणण्याची पाळी माझ्यावर येणार नाही आणि तो निमूटपणे कचेरीत जाईल. मास्तराने शब्द टाकला म्हणून त्या भल्या माणसाने मान हलवली.

पुढच्याच आठवड्यात मी स्टेशनावर कुणाला तरी पोचवायला गेलो होतो. नृसिंह काट्यावर उभा होता. उतरला, नळाचे पाणी ओंजळी ओंजळीने पोटभर प्यायला, आणि पुन्हा काट्यावर चढला. मी खांबाआड होतो. बेटा, मी इतकी वर्षे मुलांना शिकवतो, पण परीक्षेत नापास व्हावे म्हणून कुणाला अवघड पेपर काढला नव्हता. तो मी माझ्या मुलाला काढला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला उठवून गंगावेशीत नेले. स्वतः घातलेली अट स्वतःच शेराशेराने मोडत होतो, आणि तिकडे हंबीररावही मला चोरून तेच करत होते, हे त्या रविवारी कळले.

तुझ्यावर आता आणखी एका गुपिताचा भार नको, म्हणून हे पत्र पाकिटात घालण्याआधी नृसिंहाला वाचायला दिले. मी तोवर अंगणात उभा होतो. वाचून तो बाहेर आला, आणि काठावर उभे राहायची तुम्हाला एवढी भीती वाटते तर पाण्यात या, असे म्हणाला. त्याने कुठून तरी मला तरंगायला पत्र्याचा रिकामा डबा आणि काथ्याची दोरी पैदा केली आहे. एक्कावन्न वर्षांच्या माणसाने पाठीला डबा बांधून कोटितीर्थात उतरायचे, शाळेतली अर्धी मुले तिथे पोहतात. मी पुष्कळ कारणे सांगितली. त्याने एकही ऐकले नाही. मला धरून ठेवीन, म्हणाला.

उद्या सकाळी जातो आहे. लोभ वाढता असू दे, आणि आईला धीर देणारे एक पत्र लगेच टाक.
तुझे अप्पा